हरवलेला हॅम्लेट : सोहराब मोदींच्या 'खून का खून'ची गोष्ट

आजच्या भागाची ही लिखित प्रत. बोलताना जी वाक्यं अर्धवट सुटतात ती इथे जरा सरळ केलीयत, बाकी गप्पा त्याच आहेत. बसमध्ये असाल, रेंज जात-येत असेल, तर वाचत राहा.

सुरुवातीला एक प्रश्न. हिंदी सिनेमातला हॅम्लेट म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर कोण येतं? बहुतेकांचं उत्तर मला माहितीये. टक्कल केलेला शाहिद कपूर, काश्मीरमधला बर्फ, गाण्यातल्या त्या भल्यामोठ्या बाहुल्या. विशाल भारद्वाजचा 'हैदर', २०१४. बरोबर उत्तर आहे, फक्त पहिलं उत्तर नाही. 'हैदर'च्या ७९ वर्षं आधी, म्हणजे १९३५ साली, एक हॅम्लेट हिंदी-उर्दूत बोलून गेला. सिनेमाचं नाव 'खून का खून'. दिग्दर्शक आणि नायक सोहराब मोदी. शेक्सपिअरच्या या नाटकावरचे बोलपट जगात अगदी सुरुवातीला जे निघाले, त्यात त्याची गणना होते. इंग्रजीतला गाजलेला लॉरेन्स ऑलिव्हिएचा 'हॅम्लेट' १९४८ चा. म्हणजे आपला सिनेमा त्याच्याही १३ वर्षं आधीचा.

आता लगेच यूट्यूब उघडू नका. मिळणार नाही. 'खून का खून' हा हरवलेल्या चित्रपटांमध्ये धरला जातो. आजचा भाग त्या न दिसणाऱ्या सिनेमाबद्दल आहे. तो का काढला, कोणी काढला, आणि तो गेला म्हणजे नक्की काय गेलं.

आधी गोष्ट काय ते

ज्यांनी 'हॅम्लेट' वाचलेलं नाही त्यांच्यासाठी तीस सेकंदांत सांगतो. डेन्मार्कचा राजा मेलाय. त्याच्या भावाने गादी बळकावलीय आणि राणीशी लग्नही केलंय. राजपुत्र हॅम्लेटला बापाचं भूत भेटतं आणि सांगतं, की मी आपोआप मेलो नाही, माझ्या सख्ख्या भावाने मला विष घालून मारलं. सूड घे, आणि मला विसरू नकोस. हॅम्लेट विचार करत बसतो, वेडाचं सोंग घेतो. त्याची प्रेयसी ऑफेलिया खरोखरच वेडी होऊन पाण्यात बुडते. खात्री करून घ्यायला हॅम्लेट दरबारात एका नाटक मंडळीकडून तसाच खून करून दाखवतो आणि काकाचा चेहरा बघतो. शेवटी रंगमंचावर प्रेतांचा खच पडतो.

साधारण १६०० सालच्या आसपासचं हे नाटक. आता लंडनहून थेट ग्रँट रोडला या.

ग्रँट रोडचा शेक्सपिअर

मुंबईत ग्रँट रोडला १८४६ मध्ये एक नाट्यगृह उभं राहिलं. जागा नाना शंकरशेटांची. सुरुवातीला तिथे साहेबलोकांची इंग्रजी नाटकं व्हायची. १८५३ मध्ये विष्णुदास भावे सांगलीची आपली मंडळी घेऊन मुंबईत आले आणि त्याच वर्षी पारशी मंडळींनीही नाटकं करायला सुरुवात केली. मराठी रंगभूमी आणि पारशी रंगभूमी या एका अर्थी शेजारणी आहेत. एकाच रस्त्यावर वाढलेल्या, एकमेकींचे पडदे, पेटी आणि प्रेक्षक बघत मोठ्या झालेल्या.

पारशी कंपन्यांचा हिशोब सरळ होता. गुजरातीत नाटक केलं तर मुंबई-सुरतेपर्यंत चालेल. पण उर्दू-हिंदुस्तानीत केलं तर लाहोरपासून कलकत्त्यापर्यंत आणि पुढे रंगूनपर्यंत तंबू ठोकता येईल. मग पगारी लेखक ठेवले गेले, त्यांना 'मुन्शी' म्हणत. मुन्शीने वर्षाकाठी ताजी नाटकं पाडायची, कंपनीने ती गावोगाव फिरवायची. आणि ताज्या कथानकांची खाण कुठे होती? कॉलेजात शिकवल्या जाणाऱ्या शेक्सपिअरमध्ये.

लखनौचे मुन्शी मेहदी हसन 'अहसन' हे यातलं मोठं नाव. 'द मर्चंट ऑफ व्हेनिस'चं त्यांनी 'दिलफरोश' केलं, 'द कॉमेडी ऑफ एरर्स'चं 'भूलभुलैयाँ'. आणि १८९८ च्या सुमाराला 'हॅम्लेट'चं केलं 'खून-ए-नाहक'. नाहक, म्हणजे अन्यायाने सांडलेलं रक्त.

इथे एक भाषेची गंमत आहे. मराठीत 'खून' म्हणजे फक्त मर्डर. पण फारसी-उर्दूत 'खून' म्हणजे रक्तही. आपण तो शब्द उचलताना एकच अर्थ घेतला आणि दुसरा सोडून दिला. त्यामुळे 'खून का खून' हे नाव मराठी कानाला जरा विचित्र वाटतं. उर्दू कानाला त्यात दोन-तीन अर्थ एकदम ऐकू येतात. खुनाच्या बदल्यात खून, आणि आपल्याच रक्ताचा खून. भावाने भावाला मारलं, त्याचा सूड पुतण्याने घ्यायचा. अख्ख्या नाटकाचा प्लॉट तीन शब्दांत.

या मंडळींनी शेक्सपिअरचं काय केलं? जे चालेल ते ठेवलं. मध्ये गाणी घातली. एखादं विनोदी उपकथानक चिकटवलं. रंगवलेले पडदे, धूर, तळदारातून वर येणारं भूत. टाळी पडली की वन्समोअर. 'हॅम्लेट' तर यासाठी अगदी फिट्ट बसत होतं, कारण त्यात भूत आहे, विष आहे, तलवारबाजी आहे, वेडी झालेली नायिका आहे. विद्वान लोकांनी या प्रकाराला भरपूर नावं ठेवली. बाजारू, भडक, शेक्सपिअरचं वाटोळं, वगैरे. पण ज्या माणसाने आयुष्यात इंग्रजीचं अक्षर वाचलं नव्हतं, त्याला हॅम्लेट या तंबूतच भेटला.

आगरकरांचा हॅम्लेट, गणपतरावांचा चंद्रसेन

आता आपल्याकडचा धागा. 'हॅम्लेट' मराठीत आणलं गोपाळ गणेश आगरकरांनी. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. त्या दिवसांत आगरकर 'हॅम्लेट'वर काम करत होते आणि १८८३ मध्ये ते 'विकारविलसित' या नावाने छापून आलं. विचार करा, वय सव्वीस, कोठडीत, आणि समोर डेन्मार्कचा तो राजपुत्र जो म्हणतो की हा देश म्हणजेच तुरुंग आहे. म्हणजे आज आपण पहिल्या-दुसऱ्या नोकरीत असतो त्या वयात.

आगरकरांचा हॅम्लेट म्हणजे चंद्रसेन. तो चंद्रसेन रंगमंचावर गाजवला शाहूनगरवासी नाटक मंडळीच्या गणपतराव जोशींनी. जुन्या आठवणींच्या पुस्तकांमध्ये गणपतरावांच्या चंद्रसेनाचं वर्णन ज्या भाषेत येतं, ती वाचून आपल्याला नुसता हेवा वाटतो. कारण गणपतराव १९२२ मध्ये गेले. बोलपट आला १९३१ मध्ये. ते नऊ वर्षं आधी गेले, आणि त्यांचा चंद्रसेन नेमका कसा उभा राहायचा, कुठे थांबायचा, कुठे आवाज खाली आणायचा हे आपल्याला आता कधीच बघता येणार नाही.

'विकारविलसित' मात्र शिल्लक आहे, कारण ते छापलं गेलं. शब्द राहिले, प्रयोग गेला. हे लक्षात ठेवा, कारण पुढे सगळं याच मुद्द्यावर येणार आहे.

१४ मार्च १९३१

अर्देशीर इराणींचा 'आलम आरा' मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात लागला तो हा दिवस. भारताचा पहिला बोलपट. आणि गंमत बघा, 'आलम आरा' स्वतःच एका पारशी नाटकावर बेतलेला होता. म्हणजे बोलपटाने नाटकवाल्यांकडून गोष्ट घेतली, गाणी घेतली, नट घेतले, लेखक घेतले आणि मग प्रेक्षकही घेऊन टाकला.

मूकपट होते तोपर्यंत नाटक कंपन्यांना धोका कमी होता. पडद्यावरची माणसं बोलत नव्हती, गात नव्हती. आवाज ऐकायचा तर नाटकालाच जायला हवं होतं. १९२८ मध्ये के. बी. आठवल्यांनी 'खून-ए-नाहक' नावाने मूकपटही काढला होता. पण मुका हॅम्लेट म्हणजे काय ते तुम्हीच ठरवा. ज्या माणसाचा सगळा प्रॉब्लेमच हा की तो करत कमी आणि बोलत जास्त, त्याचं बोलणंच काढून घेतलं तर उरणार काय?

बोलपट आल्यावर चित्र फिरलं. शंभर माणसांची कंपनी, पडदे, सामान, रेल्वेचं भाडं, गावोगावचा मुक्काम हा सगळा खर्च एका बाजूला. दुसऱ्या बाजूला डब्यात मावणारी रिळं, जी एकाच रात्री दहा गावांत लागू शकतात. स्टार्टअपच्या भाषेत ज्याला आपण 'स्केल' म्हणतो ना, ते हेच. चार-पाच वर्षांत कंपन्यांमागून कंपन्या बसल्या. मराठीतही तेच झालं. १९१३ साली सुरू झालेली बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी कर्जात बुडून बंद पडली आणि १९३५ मध्ये, म्हणजे आपल्या 'खून का खून'च्याच वर्षी, बालगंधर्व प्रभातच्या 'धर्मात्मा'मध्ये संत एकनाथांच्या भूमिकेत कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. ज्यांच्या स्त्री-भूमिकांसाठी महाराष्ट्र वेडा झाला होता, ते पडद्यावर आले एका संताच्या रूपात.

मोदींनी काढलेला मार्ग

सोहराब मोदींचा जन्म १८९७ चा, मुंबईतला. बालपण बरंचसं रामपूरला गेलं, त्यामुळे घरात पारशी आणि जिभेवर उर्दू, असं मिश्रण तयार झालं. तरुणपणी भाऊ केकी यांच्याबरोबर गावोगावी सिनेमे दाखवायचा धंदा केला, मग दुसरे भाऊ रुस्तम यांच्याबरोबर नाटक कंपनीत उतरले. शेक्सपिअरच्या उर्दू रूपांतरांमध्ये नाव कमावलं. म्हणजे या माणसाने फिरता प्रोजेक्टर आणि फिरता रंगमंच हे दोन्ही धंदे आतून बघितले होते. त्यामुळे १९३१ नंतर काय होणार हे त्यांना इतरांपेक्षा लवकर कळलं असणार.

मग त्यांनी काय केलं? १९३५ मध्ये कंपनी काढली आणि तिचं नावच ठेवलं 'स्टेज फिल्म कंपनी'. नावातच प्लॅन आहे. रंगभूमी मरतेय, तर तिला सिनेमात भरून ठेवू. नाटक जसंच्या तसं कॅमेऱ्यासमोर करू, म्हणजे ते टिकेल, आणि पोटही भरेल. आमच्या क्षेत्रात याला 'मायग्रेशन' म्हणतात. जुनी सिस्टीम बंद पडायच्या आत तिच्यातला डेटा नव्या सिस्टीमवर हलवायचा. मोदी १९३५ मध्ये पारशी रंगभूमीचं मायग्रेशन करायला निघाले होते.

पहिलं नाटक निवडलं तेच, मुन्शी अहसन यांचं 'हॅम्लेट'.

ऑफेलियाचं उपोषण

आता ऑफेलिया कोण? तिचं नाव नसीम बानो. पुढे जी हिंदी सिनेमाची 'परी-चेहरा' म्हणून प्रसिद्ध झाली ती. सायरा बानोची आई, म्हणजे दिलीप कुमारच्या सासूबाई.

पण १९३५ मध्ये ती दिल्लीच्या शाळेत शिकणारी मुलगी होती. आई शमशाद बेगम त्या काळातली नामवंत गायिका. (आपल्याला माहीत असलेल्या पार्श्वगायिका शमशाद बेगम त्या वेगळ्या.) आईची इच्छा होती की पोरीने डॉक्टर व्हावं. नसीम सुट्टीत मुंबईला आली, शूटिंग बघितलं आणि सिनेमाचं वेड लागलं. मोदींनी तिला ऑफेलियाची भूमिका देऊ केली. आई म्हणाली, नाही. तेव्हा नसीमने जेवण सोडलं. शेवटी आईला हो म्हणावं लागलं, आणि पुढचा भाग आणखी मजेचा आहे, की आईनेही त्याच सिनेमात काम केलं. ती झाली गर्ट्रूड, म्हणजे हॅम्लेटची आई, ती राणी.

नसीमला वाटलं होतं की सिनेमा करून शाळेत परत जाऊ. पण शाळेने तिला परत घ्यायला नकार दिला. सिनेमात काम केलेली मुलगी वर्गात नको. १९३५ च्या भारतात पडद्यावर यायची किंमत ही होती. आणि बायकांसाठी ती किंमत पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होती. सोहराब मोदींना नाटकवाला म्हणून मान होता. नसीमचं शिक्षण मात्र तिथेच संपलं.

ऑफेलिया हे पात्र नाटकात असं आहे की बाप एक सांगतो, भाऊ दुसरं सांगतो, हॅम्लेट तिसरंच सांगतो, आणि तिला काय हवंय हे कुणी विचारत नाही. ती भूमिका करायला या मुलीने उपाशी राहून स्वतःचं म्हणणं खरं केलं. मला या सगळ्या इतिहासात हा प्रसंग सगळ्यात जास्त आवडतो.

सिनेमा चालला का?

नाही. 'खून का खून' पडला. मोदींनी लगेच १९३६ मध्ये दुसरा प्रयत्न केला, 'सैद-ए-हवस'. हे आगा हश्र काश्मिरींचं नाटक, शेक्सपिअरच्या 'किंग जॉन'वर आधारलेलं. आगा हश्र पारशी रंगभूमीचे सगळ्यात मोठे लेखक, आणि ते १९३५ मध्येच वारले होते. तोही सिनेमा पडला.

का पडले? सिनेमा आपल्यासमोर नाही, त्यामुळे फ्रेम-फ्रेम बघून बोलता येत नाही. पण त्याचं वर्णन सगळीकडे एकाच प्रकारे केलं जातं, की ते रंगमंचावरचं नाटकच होतं, फक्त कॅमेऱ्यासमोर केलेलं. आणि इथे अडचण लक्षात येते. पारशी नट हा शेवटच्या रांगेतल्या माणसासाठी बोलायचा. माइक नव्हते. आवाज फेकावा लागायचा, हात मोठे हलवावे लागायचे, टाळीसाठी थांबावं लागायचं. ती थांबायची जागासुद्धा अभिनयाचाच भाग होती. कॅमेरा मात्र हातभर अंतरावर बसलाय आणि थिएटरात टाळी वाजली काय नि नाही वाजली काय, पडद्यावरचा नट पुढे बोलतच राहणार.

शिवाय प्रेक्षकाला १९३५ पर्यंत खरा सिनेमा म्हणजे काय ते कळायला लागलं होतं. प्रभात, न्यू थिएटर्स, बॉम्बे टॉकीज यांची कामं समोर येत होती. घरातली शांत बोलणी, क्लोज-अप, बाहेरचं चित्रण. त्या प्रेक्षकाला स्थिर रंगमंच दाखवणं म्हणजे आज कुणाला रीलच्या जमान्यात तासाभराचं झूम रेकॉर्डिंग पाठवण्यासारखं. बालगंधर्वांचंही असंच झालं. १९३७ मध्ये त्यांच्या मीराबाईच्या नाटकाचं चित्रीकरण करून सिनेमा काढला, आणि तोही चालला नाही.

मोदी मात्र शिकले. १९३६ मध्ये त्यांनी 'मिनर्व्हा मूव्हीटोन' काढली, सिंहाचं बोधचिन्ह असलेली. मग 'पुकार' (१९३९), 'सिकंदर' (१९४१), 'झाँसी की रानी' (१९५३). 'पुकार'मध्ये नसीम बानो झाली नूरजहाँ आणि स्टार झाली. 'सिकंदर'मध्ये पृथ्वीराज कपूर सिकंदर आणि मोदी पोरस. १९५४ च्या 'मिर्झा गालिब'ला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं.

या सिनेमांत काय आहे? दरबार, लांबलचक संवाद, न्याय की प्रेम असा पेच, आवाजाचा चढउतार. म्हणजे पारशी रंगभूमीच. फक्त यावेळी तिला कॅमेऱ्याची शिस्त लागली होती. मोदींबद्दल एक किस्सा नेहमी सांगितला जातो. त्यांच्या 'शीशमहल'च्या वेळी थिएटरात एक माणूस डोळे मिटून बसलेला दिसला. मोदींना वाटलं झोपलाय, तिकिटाचे पैसे परत देऊन घालवून द्यावा. तर कळलं की तो आंधळा आहे, आणि फक्त मोदींचे संवाद ऐकायला आलाय. पॉडकास्ट ऐकणाऱ्यांचे पूर्वज म्हणायला हरकत नाही!

मग सिनेमा गेला कुठे?

आता वाईट भाग. तेव्हाची फिल्म नायट्रेटची असायची. सेल्युलोज नायट्रेट, म्हणजे स्फोटकांचं चुलतभावंडच. एकदा पेटली की बाहेरची हवा बंद केली तरी विझत नाही. आणि पेटली नाही तरी आपल्या दमट हवेत हळूहळू चिकट होते, मग तिची भुकटी होते. त्यात भर अशी की काळ्या-पांढऱ्या फिल्मवरचं चित्र हे चांदीचं असतं. सिनेमा चालून झाला, डबे जागा अडवतायत, आणि रिळं धुतली तर चांदी निघते. पडलेल्या सिनेमाचं काय होणार, सांगा.

याला व्हिलन शोधायला जाऊ नका. तेव्हा जुना सिनेमा परत कोण बघणार, असंच सगळ्यांना वाटायचं. सरकारी फिल्म संग्रहालय पुण्यात सुरू झालं १९६४ मध्ये. म्हणजे 'आलम आरा'नंतर तेहतीस वर्षांनी. तोपर्यंत आपल्या हजाराहून जास्त मूकपटांपैकी जवळपास सगळे आणि सुरुवातीचे कित्येक बोलपट गेलेले होते. खुद्द 'आलम आरा'सुद्धा गेला. पी. के. नायर या माणसाने पुढची जवळपास तीन दशकं गावोगाव फिरून डबे गोळा केले. फाळक्यांच्या सिनेमांची रिळं त्यांनी नाशिकला कुटुंबाकडून मिळवली. त्यांच्यावर 'सेल्युलॉइड मॅन' (२०१२) हा माहितीपट आहे, जरूर बघा. आणि जपून ठेवलेलंही कायमचं सुरक्षित नसतं. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या नायट्रेट रिळांच्या साठ्याला आग लागली आणि सुमारे ६०० सिनेमांची जुनी रिळं जळाली.

आता ही तुलना बघा. शेक्सपिअरच्या हातचं 'हॅम्लेट'चं हस्तलिखित शिल्लक नाही. पण तो गेल्यावर सात वर्षांनी, १६२३ मध्ये, त्याच्याच कंपनीतल्या दोन नटांनी त्याची ३६ नाटकं एका जाड पुस्तकात छापली. त्याला 'फर्स्ट फोलिओ' म्हणतात. त्या ३६ पैकी १८ नाटकं आधी कुठेच छापलेली नव्हती. त्यात 'मॅकबेथ' होतं. म्हणजे त्या दोघांनी कंटाळा केला असता तर 'मॅकबेथ' नाही, आणि 'मकबूल'ही नाही. चारशे वर्षांपूर्वीचं नाटक टिकलं, कारण त्याच्या अनेक प्रती निघाल्या. नव्वद वर्षांपूर्वीचा सिनेमा गेला, कारण प्रती मोजक्या होत्या आणि त्या ठेवणाऱ्याला जड झाल्या. बॅकअपचा नियम तेव्हाही तोच होता.

नाटकातली नाटक मंडळी

'हॅम्लेट'मध्येच एक प्रसंग आहे. दरबारात एक फिरती नाटक मंडळी येते. हॅम्लेट विचारतो, की ही मंडळी तर शहरात गाजलेली, मग अशी गावोगाव का फिरतायत? उत्तर मिळतं की शहरात पोरांच्या नव्या कंपन्या आल्यायत, लोक तिकडेच वळलेत, यांचं थिएटर ओस पडलंय. हा टोमणा शेक्सपिअरने आपल्या काळातल्या लंडनला मारलेला. आणि तो प्रसंग पूर्ण स्वरूपात आपल्याला मिळतो तो त्या १६२३ च्या फोलिओमुळेच, आधीच्या १६०४ च्या आवृत्तीत तो नाही.

१९३५ मध्ये सोहराब मोदी हॅम्लेट करतायत आणि त्यांच्या आजूबाजूचे नट स्वतःच ती फिरती, बेकार झालेली मंडळी आहेत. त्यांना गिऱ्हाईक पळवणारी नवी कंपनी म्हणजे बोलपट. आणि ते उभे आहेत त्याच बोलपटाच्या कॅमेऱ्यासमोर. हा प्रसंग त्यांच्या सिनेमात होता की कापला होता, हे बघायला मी काहीही दिलं असतं.

म्हणून मला वाटतं की 'खून का खून' जाणं हे एक पडेल सिनेमा जाण्यापुरतं नाही. सत्तर-ऐंशी वर्षं लाहोर ते रंगून लोकांना हसवणारी-रडवणारी एक आख्खी अभिनयपद्धत होती. तिचे शब्द छापील पुस्तकांत राहिले. तिचा आवाज, तिची चाल, तिचे हातवारे ज्या पेटीत भरायचा प्रयत्न झाला, ती पेटीच हरवली. गणपतराव जोशींच्या वेळी तंत्रज्ञान नव्हतं. मोदींच्या वेळी तंत्रज्ञान होतं, इच्छा होती, पैसाही घातला. जपायची सवय तेवढी नव्हती.

पुढचे हॅम्लेट

हिंदीत हॅम्लेट पुन्हा आला १९५४ मध्ये, किशोर साहूंचा. नागपुरात शिकलेला हा नट-दिग्दर्शक. त्याच्यासमोर नमुना होता ऑलिव्हिएचा, पारशी तंबूचा नाही. नावंसुद्धा डेन्मार्कचीच ठेवली. ऑफेलिया झाली होती नवखी माला सिन्हा. या मधल्या वीस वर्षांत अहसन मुन्शींचा धागा तुटलेला स्पष्ट दिसतो.

आणि मग 'हैदर'. बशारत पीर आणि भारद्वाज यांनी गोष्ट नेली १९९५ च्या काश्मीरमध्ये. बाप गायब झालेला, आई काकाच्या घरात. पण आठवा, काकाला उघडं पाडायचा जो प्रसंग आहे, तो कसा घेतलाय? मार्तंडच्या सूर्यमंदिराच्या अवशेषांत, गाणं, नाच, बाहुल्या, मोठे हातवारे, सगळ्यांसमोर थेट काकाकडे बोट. एरवी अगदी संयत असलेला सिनेमा तिथे अचानक पारशी नाटक होतो. भारद्वाजने ते मुद्दाम केलं की हिंदी सिनेमाच्या रक्तातच ते आहे म्हणून झालं, मला सांगता येणार नाही. पण 'खून' म्हणजे रक्तही, हे आपण वर बघितलंच.

तुम्ही काय करू शकता

दर भागाच्या शेवटी काहीतरी गृहपाठ असतो, तसा आजही आहे. जुन्या हिंदी सिनेमांच्या गाण्यांच्या चोपड्या थिएटरबाहेर विकायला असायच्या. त्यात गाणी, कथासार, नटांची नावं असायची. हरवलेल्या कितीतरी सिनेमांबद्दल आज जे थोडंफार कळतं ते अशा चोपड्या, पोस्टर आणि जाहिरातींमधूनच. तुमच्या आजोळी माळ्यावर, जुन्या ट्रंकेत, रद्दीच्या गठ्ठ्यात असं काही असेल तर फेकायच्या आधी बघा. फोनने फोटो काढा, आणि पुण्याच्या संग्रहालयाला कळवा. फिल्मचा डबा सापडला आणि व्हिनेगरसारखा किंवा आणखी कसला उग्र वास येत असेल, तर घरी उघडत बसू नका, उन्हात ठेवू नका, आधी तिथल्या जाणकारांना विचारा.

आणि आजी-आजोबांपैकी कुणी तंबूतलं नाटक किंवा जुना बोलपट बघितल्याचं सांगत असेल, तर फोनचं रेकॉर्डर चालू करा. एक प्रत फोनमध्ये, एक दुसरीकडे कुठेतरी. मरताना हॅम्लेट आपल्या मित्राला तेवढंच मागतो, की तू जिवंत राहा आणि माझी गोष्ट लोकांना सांग.

पुढच्या भागात जाऊ 'झुंजारराव'कडे, म्हणजे देवलांनी १८९० मध्ये मराठीत आणलेल्या 'ऑथेल्लो'कडे, आणि तिथून 'ओंकारा'च्या मेरठपर्यंत. तोपर्यंत ऐकत राहा, वाचत राहा. भेटू.